रुमालाखालचा तिसरा हात

१

देगलूरच्या जनावरांच्या बाजारात अण्णारावांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांचा उजवा हात जास्त ओळखीचा होता. ज्यांनी बैलांचा सौदा कधी जवळून पाहिला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा रुमाल काढतो, विकणाऱ्याचा हात त्या रुमालाखाली आपल्या हातात घेतो आणि बोटं दाबून, सोडून, मुठीत धरून आकडा समजून घेतो. मग घेणाऱ्याकडे जातो. पुन्हा रुमाल, पुन्हा बोटं. भोवती केवढीही गर्दी असो, रुमालाखाली काय चाललंय ते त्या दोन हातांशिवाय कुणाला कळत नाही. एकीकडून तेलंगणाचा माणूस येतो, एकीकडून कर्नाटकाचा, मधे आपले मराठवाड्याचे. पण भाषेवाचून या बाजारात कुणाचं कधी अडलेलं नाही. सौदा जुळत आला की दलाल दोघांना जवळ ओढतो, एकाच रुमालाखाली एकाचा हात दुसऱ्याच्या हातात देतो आणि आपला काढून घेतो. रुमाल उचलला की सौदा पक्का. मग फिरायचं नाही.

या धंद्यात तोंड कसंही असलं तरी चालतं, हात मात्र थंड लागतो. हात घामेजला, थरथरला, की समोरच्याला लगेच कळतं की हा अडलेला आहे. अण्णारावांच्या हातावरून आजवर कुणाला काही कळलं नव्हतं.

"अण्णा, हात हाय का शाबादी फरशी?" निजामोद्दीन त्यांना चिडवायचा. बाजाराच्या तोंडाशी लिंबाखाली त्याचं कापडी पाल असे. झुली, कासरे, घुंगरमाळा. त्याचा बापही तिथंच बसायचा. अण्णाराव हसायचे आणि त्याच्याकडचा चहा प्यायचे.

हात एवढा थंड का, हे निजामोद्दीनलाही माहीत नव्हतं. ते माहीत होतं घरात सिंधुबाईंना, आणि औषधाच्या दुकानातल्या गुरुपादप्पाला.

२

एकेकाळी हाच हात थरथरायचा. थोरला भाऊ मोटारसायकलवरून घरी येता येता वाटेतच गेला, आणि त्यानंतर एके दिवशी भर बाजारात अण्णारावांच्या छातीत धडधड सुटली. घाम फुटला, कान बधिर झाले, आता आपण मरतो असं वाटलं. मेले नाहीत, पण ती भीती मुक्कामाला आली. रुमालाखाली हात घातला की तो फडफडू लागे, आणि घेणारे-विकणारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत. तेव्हाच्या डॉक्टरांनी एक बारीक पांढरी गोळी लिहून दिली. थोडे दिवस घ्या आणि मग मला दाखवून बंद करा, असं ते म्हणाले. त्यातलं 'घ्या' एवढंच अण्णारावांनी ऐकलं. दाखवायला ते परत गेलेच नाहीत.

गोळी गुणाची निघाली. ती पोटात गेली की थोड्या वेळानं भीती दुसऱ्याच कुणाचीतरी असल्यासारखी लांब जाऊन बसे. डॉक्टरांचा कागद घडीवर फाटला, पुढे डॉक्टरही गेले. गुरुपादप्पाला कागदाची गरज नव्हती. अण्णारावांना दुकानाच्या पायरीवर बघितलं की त्याचा हात आपोआप त्या खणाकडे जाई. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन झाल्या. धाकटी सुकन्या तेव्हा शाळेत जात होती. आता ती त्याच शाळेत शिकवायला जात होती.

मधल्या काळात अण्णारावांची आई गेली. त्यांनी लाकडांचं बघितलं, पाहुण्यांच्या चहाचं बघितलं, डोळ्याला पाणी नाही. काय धीराचा माणूस, असं लोक म्हणाले. मग थोरल्या पुनमचं लग्न झालं. जाताना पोर गळ्यात पडून रडली, आणि अण्णाराव तिच्या खांद्यावरून टेम्पोत सामान नीट चढतंय का ते बघत राहिले. पुनम त्याबद्दल कधीच काही बोलली नाही, आणि सिंधुबाईंना तेच जास्त लागायचं.

या उन्हाळ्यात अण्णाराव न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण त्याआधीही एकच निरोप दोनदा देणं, चुलतभावाचं नाव न आठवणं असले प्रकार सुरू झालेच होते. सिंधुबाईंनी त्यांना एस.टी.त घालून नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टर नाझनीन वयानं लहान, पण बोलायला पक्क्या होत्या. त्यांनी गोळीचं रिकामं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं.

"ही इतकी वर्षं घ्यायची गोळी नाही, काका. तुमच्या शरीराला हिची सवय लागली आहे. आता एकदम बंद करायची नाही, एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात. आपण अगदी हळूहळू, तुकड्यातुकड्यानं कमी करू. मधे त्रास होईल. झाला की मला फोन करायचा, गुरुपादप्पांना नाही."

येताना गाडीत सिंधुबाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई हाडाचं म्हणतेत, आठवणीचं म्हणतेत. माझं म्हणणं येवढंच हाय, की दिवाळीनंतर सुकीचं लग्न हाय. त्या लग्नात तुम्ही पायजेत. पुनमच्या लग्नात तुम्ही नव्हताव."

"मी नव्हतो? मग मांडवात कोन बसलं हुतं?"

"तेच तर मी इतकी वर्षं इचारून राहिले," सिंधुबाई म्हणाल्या.

अण्णारावांनी हातातलं तिकीट घडी करून खिशात ठेवलं. पण सुकन्येला निरोप देताना आपल्याला रडू यावं, ही गोष्ट त्यांना त्या गाडीत पहिल्यांदा हवीशी वाटली, आणि त्यांनी ती मनात धरली.

३

गोळी पाव भागानं कमी झाली. सुरुवातीला झोप गेली, तोंडाला कोरड पडू लागली, भांडं पडलं तरी अंग दचकायचं. हे सगळं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे अण्णाराव सोसत होते. बाजारही त्यांनी सोडला नाही.

पहिली विचित्र गोष्ट घडली ती दिवसाढवळ्या, बाजार ऐन भरात असताना. उदगीरकडचा एक शेतकरी देवणी बैलांची जोडी घेत होता, विकणारा बिदरच्या बाजूचा होता. सौदा जुळला. अण्णारावांनी दोघांचे हात रुमालाखाली एकमेकांत दिले, आपला काढला, आणि नेहमीप्रमाणे कमरेची चंची सोडून सुपारी कातरायला घेतली.

रुमाल काही उचलला जाईना. घेणारा त्यांच्याकडे बघत होता.

"अण्णा, हात काढा की आता."

"कुनाचा?"

"तुमचा. सौदा झाला न्हवं? किती आवळून धरता."

अण्णारावांच्या एका हातात अडकित्ता होता, दुसऱ्यात सुपारी. त्यांनी दोन्ही हात समोर धरले. घेणाऱ्यानं ते बघितले, विकणाऱ्यानं बघितले, आणि दोघांनीही एकदमच रुमालातून हात ओढून घेतले. रुमाल खाली पडला. बैलानं त्यावर पाय दिला.

"मुंग्या आल्या असतेल हाताला," विकणारा कानडी हेल काढत म्हणाला, आणि आपला पंजा धोतराला पुसत राहिला.  बैल सोडताना घेणाऱ्यानं कासरा डाव्या हातात धरला होता.

त्यांनी आपापसांत गंमत केली, असं अण्णारावांनी ठरवून टाकलं. बाजारात एकमेकांची ओळखसुद्धा नसलेली दोन माणसं मिळून आपली गंमत कशाला करतील, हा प्रश्न त्यांनी घरी पोचेपर्यंत स्वतःला विचारला नाही.

४

नंतर ते घरातही जाणवू लागलं. दिसत काहीच नव्हतं. ओसरीवर बसलं की आतल्या खोलीतल्या कॉटची लोखंडी पट्टी करकरायची, कुणी कडेवर टेकल्यावर करकरते तशी. सिंधुबाई तेव्हा परसात असायच्या, सुकन्या शाळेत. अण्णाराव उठून आत जायचे. कॉटवर घडी केलेली सोलापुरी चादर असायची, तिच्याखाली हात घातला तर गारवा. सावलीतल्या खोलीत चादरीखाली गारवा असणारच, असं ते स्वतःला सांगायचे आणि बाहेर येऊन बसायचे. पण आता हात घालून बघायची सवय लागली होती.

त्यांनी डॉक्टरांना फोन केला. हात कुणीतरी धरल्यासारखं वाटतं, एवढंच सांगितलं.

"गोळी कमी करताना असं होतं," डॉक्टर नाझनीन म्हणाल्या. "हातापायांना मुंग्या येतात, स्पर्श वेगळे लागतात, कातडीवर काहीतरी असल्यासारखं वाटतं. ते खरं नसतं आणि कायमचं राहत नाही. फार वाटलं तर आपण वेग कमी करू. करू का?"

"नको," अण्णाराव म्हणाले. लग्न जवळ येत होतं.

फोननंतर त्यांना चांगलंच हायसं वाटलं. शिकलेल्या बाईनं सांगितलेलं कारण होतं, आणि ते पटण्यासारखं होतं. ते दोन दिवस पुरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिंधुबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. अण्णाराव चहा घेऊन दाराशी टेकले. सिंधुबाई वर न बघता, पण जरा लाजल्यासारख्या म्हणाल्या, "बरं वाटलं मला."

"कशाचं?"

"रात्रभर हात धरून झोपलाव माझा. किती वर्सांनी धरला. जरा गार हुता, पर धरला तर खरं."

भाकरी तव्यावर पडली. तिच्यावर ओल्या हातानं पाणी फिरवणाऱ्या बायकोकडे अण्णाराव बघत राहिले. झोप येत नाही म्हणून गेले काही दिवस ते बाहेर ओसरीवर झोपत होते. काल रात्री तर अंधार पडल्यावर ते आत गेलेच नव्हते. हे तिला सांगावं असं त्यांच्या जिभेवर आलं. पण सिंधुबाईंच्या तोंडावर असा काही उजेड होता की त्यांनी ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं. भीती वाटत होती, आणि भीतीच्या खाली आणखी एक गोष्ट होती, तिची त्यांना लाज वाटली. बायकोनं इतकी वर्षं वाट बघितली, आणि शेवटी हात धरला तो दुसऱ्यानंच, याचा त्यांना हेवा वाटत होता.

५

तुळशीचं लग्न झालं, सुकन्येच्या लग्नाची तारीख दारात आली. गोळीचा आता कणच उरला होता, डॉक्टरांनी तोही सोडायला सांगितला होता.

त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. मायलेकी बांगड्या भरायला गेल्या होत्या. अण्णाराव ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर रुमाल पडला होता आणि त्याखाली त्यांचा उजवा हात होता. समोर अंगणात तुरी वाळत घातल्या होत्या, त्यावर चिमण्या उतरत होत्या. आतली कॉट करकरली. ते उठले नाहीत.

मग रुमालाखाली त्यांच्या हातात हात आला.

तो मुंग्यांचा भास नव्हता. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांचे हात वाचले त्या माणसाला एवढं कळतं. कोरडा, गार, नखं नीट कापलेली, तळव्याला कासऱ्याचा घट्टा. तो घट्टा त्यांच्या स्वतःच्या हाताला जिथं होता तिथंच होता. हात ओढून घ्यावा असं त्यांना वाटलं, पण धंद्याचा नियम असा की रुमालाखाली आलेला हात झिडकारायचा नाही. ते तसेच बसून राहिले. छाती धडधडत होती, त्यांची खरी, जुनी धडधड, आणि त्यांचा हात थरथरत होता. दुसरा मात्र अगदी स्थिर होता.

त्या हातानं त्यांची दोन बोटं दाबली. बाजारात याचा अर्थ, बोलायचं आहे.

काय पाहिजे, असं अण्णारावांनी बोटांनीच विचारलं.

हातानं अंगठा बाहेरच्या बाजूला वळवला. जनावर दावणीतून काढायचं असलं की विकणारा तसं करतो. म्हणजे तो जायचं म्हणत होता. तुमच्याकडून निघतो, असं म्हणत होता.

काय भावानं, अण्णारावांनी विचारलं.  काय मागेल, या विचारानं त्यांनी डोळे मिटून घेतले.

हातानं काही मागितलं नाही. तो त्यांच्या तळव्यावर उताणा, सपाट पडून राहिला.

बाजारात पोराटोरालाही ही खूण माहीत असते. उघडा पंजा म्हणजे, मी आकडा सांगत नाही, गिऱ्हाईक आणि भाव तुम्ही लावाल ते. अण्णारावांनाही ती माहीत होती. पण त्या दुपारी त्यांनी ती, काहीच नको, अशी वाचली. माणसाला जे हवं असतं ते वाचायला तो फार हुशार असतो. त्यांनी तो हात आपल्या मुठीत घट्ट धरला, पक्का सौदा करताना धरतात तसा, आणि डाव्या हातानं रुमाल उचलला.

खाली त्यांची एकट्याची मूठ होती, आणि ती थरथरत होती.

६

संध्याकाळी सिंधुबाईंनी भरलेल्या बांगड्या दाखवल्या आणि अण्णारावांना रडू आलं. बांगड्यांत रडण्यासारखं काही नव्हतं. त्यांनाच हसू आलं, मग पुन्हा रडू आलं. सुकन्या घाबरली, सिंधुबाईंनी तिला बाजूला घेतलं. "रडू दे त्येंना," त्या म्हणाल्या. "साचलंय लई."

पुढचे दिवस सोपे नव्हते, पण ते अण्णारावांचे होते. वरणाला चव लागत होती. आईची आठवण येत होती, तिच्या पदराच्या वासासकट. कॉट करकरत नव्हती, चादरीखाली नुसतं कापड होतं. बाजारात हात थरथरायचा आणि एक सौदा त्यापायी हातचा गेलासुद्धा. त्याचंही त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा आनंद झाला.

हे सगळं कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. निजामोद्दीनच्या पालात बसून त्यांनी सांगून टाकलं. गोळीचं सांगितलं, हाताचंही सांगितलं. अर्थात हाताचं सांगताना थट्टेचा सूर लावला, डॉक्टरीणबाईंनी दिलेलं कारणही जोडलं.

निजामोद्दीन हसला नाही. तो घुंगरं दोरीत ओवत होता, ते त्यानं खाली ठेवलं.

"सौदा झाला म्हनता."

"झाला. काय न मागता गेलं."

"अण्णा, पंजा उघडा ठेवला म्हंजे काय न मागता? तुम्ही सांगून राहिलाव हे मला?" त्यानं आपला पंजा मांडीवर उताणा ठेवून दाखवला. "ह्याचा अर्थ, मला कुटं लावायचं ते तुम्ही बघा. मालक जनावर तुमच्या हवाली करून चहा प्यायला जातो, तवा असा हात ठेवतो."

"मंग?"

"मंग काय. तुम्ही दलाल मानूस. तुमच्या दावनीला कदी बैल ऱ्हायलाय का? एका हातातून घ्यायचा, दुसऱ्या हातात द्यायचा." त्यानं मांडीवरचा पंजा मिटला. "त्यो हात तुम्ही घेतला, हे समजलं. दिला कुनाला?"

पालावरच्या लिंबाची पानं वाऱ्यानं हलत होती. बाजारात एक गाय हंबरत होती, तिचं वासरू विकलं गेलं होतं.

"जाऊ द्या हो," निजामोद्दीनच मग म्हणाला. "मी बी काय घिऊन बसलो. गोळीचा आसर आसंल. लग्नाचं सांगा. घरवाली हाजराबी इचारत हुती, जेवायला काय काय हाय म्हून."

अण्णारावांनी जेवणाचं सांगितलं. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की ते स्वतःचे दोन्ही हात काखेत घालून बसले आहेत.

७

लग्न देगलूरच्याच मंगल कार्यालयात होतं. मुलगा हरिओम लातूरचा, तिथल्या एका क्लासमध्ये गणित शिकवणारा, कमी बोलणारा आणि चांगला. सुकन्या सकाळपासून घाबरलेली होती. तिचा तळवा सारखा घामेजत होता आणि ती तो रुमालात पुसत होती. "अण्णा, मला कसंतरीच होऊन राहिलंय," ती हळूच म्हणाली. "नवीन घर, नवीन गाव. छातीत नुसतं धडधडतंय."

"धडधडू दे," अण्णाराव म्हणाले. "मला बी धडधडतंय." आणि दोघंही हसले. पुनम बाजूला उभी होती, तिनं हे बघितलं आणि बापाच्या दंडाला हलकेच धरलं. आपण इथं आहोत, असं त्या क्षणी अण्णारावांना अगदी आतून वाटलं. या एका दिवसासाठी सगळं सोसलं होतं.

अक्षता पडल्या. मग कन्यादानाला बसवलं. खाली काशाचं ताट, त्यावर हरिओमची ओंजळ, तिच्यावर सुकन्येची, आणि सगळ्यात वर अण्णारावांची. सिंधुबाईंनी तांब्यातून धार धरली. पाणी अण्णारावांच्या ओंजळीतून मुलीच्या ओंजळीत, तिथून जावयाच्या ओंजळीत उतरायचं. गुरुजी मंत्र म्हणत होते. अण्णारावांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

ओंजळ थरथरत होती. एवढ्या थरथरीत पाणी चहूकडे सांडायला हवं होतं. सांडलं नाही. सरळ, सुतासारखी धार खाली जात होती. अण्णारावांनी भरल्या डोळ्यांनी खाली बघितलं. त्यांची बोटं होती, हळदीची. त्यांच्याखाली सुकन्येची मेंदीची बोटं होती. आणि दोन्हींच्या मधे, पाण्याच्या आतून, आणखी काही बोटं होती. त्यांना ना हळद ना मेंदी, नखं नीट कापलेली, आणि ती तिळभरही हलत नव्हती.

मधे कुणाचा हात आहे, हे एका हातातून दुसऱ्यात देताना दलालाला कळतं. अण्णारावांनी ओंजळ मागे ओढली. डोळ्यातलं पाणी गालावर उतरलं, नजर स्वच्छ झाली, आणि आता खाली नवरा-नवरीच्याच ओंजळी होत्या. सिंधुबाईंची धार थेट सुकन्येच्या हातावर पडली.

"अजून थोडं, यजमान, हात काढू नका," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी ओंजळींकडे बघितलं. "बरं, असू द्या. झालंच आहे."

सुकन्येनं मान वर केली. सकाळपासून तिच्या कपाळावर असलेली आठी आता नव्हती.

८

दुपार कलल्यावर पाठवणी निघाली. पुनम रडत होती, सिंधुबाई रडत होत्या, मावशा रडत होत्या. अण्णाराव तर लहान पोरासारखे हुंदके देत होते, आणि लोक त्यांच्याकडे बघून डोळ्याला पदर लावत होते. सुकन्या सगळ्यांच्या पाया पडली. सगळ्यांच्या गळ्यात पडली. तिनं आईचे डोळे पुसले आणि सामानाची बॅग डिकीत नीट ठेवली का, असं ड्रायव्हरला विचारलं.

 अण्णाराव गर्दीतून वाट काढत तिच्याजवळ गेले आणि कानाशी बोलले. बोलताना ते मनातून प्रार्थनाच करत होते, की ती हो म्हणू दे.

"सुके, खरं सांग. माझी गोळी घेतलीस का तू? घाबरली हुतीस म्हून? मी रागावनार न्हाई. घेतली आसशील तर घेतली म्हन."

"कसली गोळी, अण्णा?" तिनं विचारलं. ती खरंच विचारत होती.

"मग तुला रडू का येईना?"

तिनं जरा विचार केला. "काय की. मघापासनं एकदम शांत वाटून राहिलंय. तुम्ही हात धरला न्हवं का कन्यादानात, तवापासनं. किती घट्ट धरलाव. सोडलाच न्हाई तुम्ही." ती हसली, आणि ते हसू कोणत्याही नव्या नवरीचं असावं तसं गोड होतं. "नका रडू. मला काही वाटत न्हाई."

ती गाडीत बसली. शेला तिनं मांडीवर ओढून घेतला, दोन्ही हात त्याच्याखाली होते. गाडी हळूहळू निघाली, लोक अक्षता टाकत होते. अण्णाराव खिडकीला धरून चालू लागले आणि त्यांनी आत हात घातला. सुकन्येनं शेल्याखालून डावा हात काढून त्यांच्या हातात दिला. उजवा आतच राहिला. कापड तिथं हलत होतं. बाहेरून बघणाऱ्याला कळलं नसतं, पण अण्णारावांचं सगळं आयुष्य कापडाखालचे हात ओळखण्यात गेलं होतं. तिथं एक हात नव्हता. दोन होते, आणि ते एकमेकांच्या मुठीत होते, सौदा पक्का झाल्यावर असतात तसे.

"थांबवा," ते म्हणाले. "जरा थांबवा गाडी."

गाडीच्या मागच्या गर्दीत बँड वाजत होता. पाठवणीच्या वेळी बाप असं म्हणतोच, म्हणून ड्रायव्हरनं समजुतीनं मान हलवली आणि वेग घेतला. सुकन्येचा हात सुटला. ती मागे वळून बघत होती, कोरड्या डोळ्यांनी, प्रेमानं. गाडी लातूरच्या रस्त्याला लागली.

सिंधुबाई मागून आल्या. त्यांनी नवऱ्याचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. ते गरम होते, घामानं ओले होते, आणि काही केल्या थरथरायचे थांबत नव्हते.

"रडा," त्या म्हणाल्या. स्वतःही रडत होत्या, पण चेहऱ्यावर समाधान होतं. "येवढंच मागितलं हुतं मी. आलाव बाई शेवटी माणसात."

अण्णाराव तिला काहीतरी सांगू बघत होते. पण हुंदक्यांतून शब्द फुटत नव्हते, आणि भोवतीची माणसं म्हणत होती, बाप असावा तर असा.